लोपलेला प्रेक्षक : तुळजापूरचा फलक, गौतमी पाटील आणि वादांचे व्याकरण

१

१८ मे २०२३ रोजी तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिराच्या परिसरात काही फलक लावण्यात आले. 'अंगप्रदर्शक, उत्तेजक, असभ्य व अशोभनीय' वस्त्रे धारण करणाऱ्यांना, तसेच हाफ पँट आणि बर्मुडा घालणाऱ्यांना मंदिरात प्रवेश नाही, असा त्यांचा आशय होता. भारतीय संस्कृती आणि सभ्यता यांचे भान ठेवण्याची विनंतीही त्यांत होती. समाजमाध्यमांवर आणि वृत्तवाहिन्यांवर गदारोळ झाला आणि त्याच दिवशी, असे कोणतेही निर्बंध नसल्याचा खुलासा मंदिर प्रशासनाकडून करण्यात आला. बातमी म्हणून हे प्रकरण तेथे संपले. त्याच मे महिन्यात गौतमी पाटील या नर्तिकेने 'पाटील' हे आडनाव लावावे की लावू नये, यावर महाराष्ट्रात हमरीतुमरी चालू होती. तीही काही आठवड्यांत विरली.

असल्या अल्पजीवी वादांची दखल वाङ्मयसमीक्षेने का घ्यावी, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर असे की, हे वाद घडतात ते भाषेत. त्यांत जे शब्द वापरले जातात, ज्या विशेषणांवर सर्वांची मूक संमती असते, ज्या वाक्यरचना कोणाच्या डोळ्यांवरही येत नाहीत, त्यांत त्या समाजाची स्त्रीविषयक धारणा एखाद्या कादंबरीपेक्षाही उघडपणे वाचता येते. कारण तेथे कोणी लेखक म्हणून सावध नसतो. वाद विरतो, पण त्याची वाक्यरचना पुढच्या वादासाठी तशीच शिल्लक राहते. म्हणून या दोन प्रकरणांकडे घटना म्हणून न पाहता संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे. या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या वादांत स्त्रीचे शरीर, तिचे वस्त्र, तिचे हावभाव आणि तिचे नाव अत्यंत बारकाईने वाचले जाते, परंतु हे सर्व पाहणारा जो कोणी आहे, तो वाक्यातून लोपलेला असतो. हा लोप अपघाती नसून, हे वाद ज्या व्यवस्थेच्या रक्षणार्थ उभे राहतात तिची ती गरज आहे.

२

प्रथम फलक वाचू. त्यात दोन प्रकारचे शब्द आहेत. 'हाफ पँट' आणि 'बर्मुडा' ही नामे आहेत. ती वस्तूंची नावे आहेत. कोणती चड्डी हाफ पँट आहे हे दारावरचा रक्षक ठरवू शकतो आणि त्याच्याशी वादही घालता येतो. व्यवहारात हे कपडे पुरुषांचे आणि मुलांचे. याउलट पहिली चारही पदे विशेषणे आहेत. त्यांत एकाही वस्त्राचे नाव नाही. फलकात 'स्त्री' हा शब्द नसतानाही ही चार विशेषणे स्त्रियांसाठी आहेत, हे सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही; फलकाच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही ती तशीच वाचली. पुरुषाचा कपडा नावाने ओळखला जातो आणि स्त्रीचा कपडा त्याच्या परिणामाने, हा भेद या एका वाक्यात नकळत नोंदला गेला आहे.

आता हा परिणाम कोणावर होतो? 'उत्तेजक' हा शब्द कर्तृवाचक आहे. उत्तेजित करणारे ते उत्तेजक. म्हणजे येथे क्रियेचा कर्ता वस्त्र आहे. सकर्मक क्रियेला कर्म हवे. कोणाला उत्तेजित करणारे, या प्रश्नाचे उत्तर फलकात नाही. 'अंगप्रदर्शक' या शब्दातही प्रदर्शन करणारे वस्त्रच आहे आणि ज्याच्यासमोर ते प्रदर्शन होते तो अनुपस्थित आहे. 'अशोभनीय' म्हणजे न शोभणारे; शोभते की नाही हे ठरवणारा डोळा पुन्हा अनुक्त. 'असभ्य' हा शब्द तर मुळात सभेशी जोडलेला. सभेत बसण्यास योग्य तो सभ्य. परंतु ही सभा कोणाची, तिच्यात आधीपासून कोण बसले आहे, हे फलक सांगत नाही. चारही विशेषणे एका पाहणाऱ्याला गृहीत धरतात आणि चारही त्याला लपवतात. एखादा पुरुष देवीच्या दारात उभा राहून शेजारच्या स्त्रीकडे पाहून विचलित होत असेल, तर ही त्याच्या भक्तीतली उणीव आहे, असे म्हणण्यास या वाक्यात जागाच ठेवलेली नाही.

हे विशेष खटकते ते स्थळामुळे. तुळजाभवानी ही महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. तिथला सारा उपचार पाहण्याभोवती उभा आहे. देवीला अभिषेक होतो, वस्त्रे बदलली जातात, शारदीय नवरात्रात रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी अशा अलंकार महापूजा मांडल्या जातात. वर्षातून तीन वेळा मूर्ती पलंगावर निद्रिस्त होते आणि त्या काळात दर्शनाची रीतही बदलते. स्त्रीरूपातील एक देह सजवला जातो आणि लाखो डोळे तो पाहतात. पण 'दर्शन' या संकल्पनेत पाहणारा जबाबदार असतो. भक्त देवीला पाहतो, तशी देवीही भक्ताला पाहते, ही श्रद्धा तिथे पायाभूत आहे. म्हणून तर अंघोळ, उपवास, अनवाणी चालणे ही तयारी पाहणाऱ्याने स्वतःवर करायची असते. आपल्या लोकव्यवहारातील 'दृष्ट लागणे' या कल्पनेतही नजर हीच क्रिया करणारी आहे. काळी तीट बाळाला लावली जाते हे खरे, पण दोष बाळाच्या रूपाचा आहे असे कोणी म्हणत नाही. नजरेला कर्तेपण देणाऱ्या या दोन्ही देशी कल्पना फलक लिहिणाऱ्यांना सहज उपलब्ध होत्या. परंपरेच्या नावाने लिहिलेल्या वाक्याने परंपरेतील हे शहाणपण मात्र घेतले नाही.

फलक मागे घेतला गेला, पण कशामुळे, हेही पाहिले पाहिजे. सार्वजनिक चेष्टेचा मोठा रोख हाफ पँट आणि बर्मुडा या शब्दांवर होता, कारण ते शब्द ठोस होते आणि ठोस शब्दाची खिल्ली उडवता येते. चार विशेषणांचा प्रतिवाद तितका झाला नाही. त्यांतली कल्पना फलकाच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. २०२० च्या डिसेंबरात शिर्डीत भारतीय पेहरावाचे आवाहन करणारे फलक लागून वाद झाला होता. तुळजापूरनंतर आठवडाभरातच नागपुरातील काही मंदिरांसाठी वस्त्रसंहिता जाहीर झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरानेही ती जाहीर केली. फलक उतरवणे सोपे असते. विशेषण उतरवणे तितके सोपे नसते.

३

दुसरी संहिता गौतमी पाटील हिच्याविषयीच्या वादांची. धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्याची ही तरुणी २०२२ पासून खेड्यापाड्यांतल्या जत्रा, वाढदिवस, उद्घाटने यांच्या मंचांवरून महाराष्ट्रभर पोचली. ती प्रामुख्याने ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचते. संगीत बारीच्या किंवा ढोलकी फडाच्या परंपरेतून ती आलेली नाही. तिच्या हावभावांवर अश्लीलतेचा आरोप झाला आणि तिने जाहीर माफी मागितली. २०२३ च्या फेब्रुवारीत कपडे बदलतानाचे तिचे चोरून केलेले चित्रीकरण पसरवण्यात आले. पुण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि राज्य महिला आयोगानेही दखल घेतली. मे महिन्यात आडनावाचा वाद झाला.

या सर्व काळात मराठी बातम्यांनी दोन ठरावीक वाक्ये वापरली. एक, 'व्हिडिओ व्हायरल झाला'. 'होणे' हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस होतो, सकाळ होते, तसा व्हिडिओ व्हायरल होतो. कोणीतरी भ्रमणध्वनी धरला, कोणीतरी कळ दाबली, कोणीतरी पुढे पाठवला आणि हजारोंनी तो उघडला, या सर्व सकर्मक क्रिया त्या एका 'झाला' मध्ये विरघळतात. दुसरे वाक्य, 'गौतमीच्या कार्यक्रमात राडा'. राडा करणारे पुरुष असतात. खुर्च्या फेकणारे, कौलांवर आणि झाडांवर चढणारे, पोलिसांचा लाठीमार ओढवून घेणारे. परंतु षष्ठी विभक्तीने तो सारा गोंधळ तिच्या मालकीचा होतो. किरकोळ फेराने 'प्रेक्षकांचा राडा' असे लिहिता आले असते. तसे क्वचितच लिहिले गेले. फलकातील विशेषण, बातमीतील अकर्मक क्रियापद आणि मथळ्यातील षष्ठी ही पाहणाऱ्याची तीन लपण्याची ठिकाणे होत.

येथे कायद्याच्या भाषेशी तुलना उद्बोधक ठरते. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-सी हे कलम घालण्यात आले. स्त्रीच्या खाजगी क्षणी तिला पाहणारा, तिचे चित्रण करणारा किंवा ते पसरवणारा पुरुष त्याखाली दोषी ठरतो. कलमाच्या वाक्याचा कर्ता 'पुरुष' होता आणि क्रियापद 'पाहणे' होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ झाले आणि 'पुरुष' या जागी 'जो कोणी' आले. तरी पाहणारा कर्त्याच्या जागी कायम राहिला. बातमीची मराठी मात्र अजून तेथवर आलेली नाही. स्त्रीची अनुमती न घेता केलेले चित्रण हा पाहणाऱ्याचा गुन्हा आहे, हे कायद्याला कळले, आणि तेच चित्रण तिच्याविषयीच्या 'वादा'त जमा करण्याची सवय आपल्या गद्याला राहिली.

आडनावाच्या वादात ही रचना अधिक खोलवर दिसते. मराठा समाजातील एका संघटनेच्या पदाधिकाऱ्याकडून तिने 'पाटील' हे आडनाव लावू नये, अशी मागणी झाली; आपण पाटील आहोत आणि तेच लावणार, असे तिचे उत्तर होते. पाटील हे मुळात गावच्या वतनदार अधिकाऱ्याचे पद. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले, पण त्यामागची प्रतिष्ठा आडनावात उरली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पासून पुढे आलेल्या तमाशापटांनी जे दृश्य आपल्या मनावर ठसवले, त्यात पाटील कोठे असतो? तो बैठकीत लोडाला टेकून बसलेला असतो. तो पाहणारा असतो, पैसे उधळणारा असतो. नाचणारी दुसऱ्या जातीची, दुसऱ्या वस्तीची असते आणि बहुधा तिला आडनाव नसते. पहिले नाव आणि गाव यांवर तिची ओळख भागते. गौतमीचा खरा अपराध हावभावांपेक्षा हा आहे की, पाहणाऱ्याच्या आसनाचे नाव घेऊन ती बोर्डावर उभी राहिली. पाहणारा कोण आणि दिसणारी कोण, ही जातीने केलेली विभागणी तिच्या नावाने विस्कटली. आजवर अनुक्त राहून सुरक्षित असलेल्या प्रेक्षकाचे आडनाव मंचावरून पुकारले जाऊ लागले, आणि त्याने हरकत घेतली.

याच्या शेजारी एक दुसरे नाव ठेवून पाहावे. १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन आले. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. बापाच्या नावाची जागा त्याने आईच्या नावाने भरली. नाचणाऱ्या स्त्रीचे पालनपोषणाचे श्रम त्या मधल्या नावात नोंदले गेले, आणि तिच्याकडे येऊन नामानिराळा राहिलेला पुरुष तेथून वगळला गेला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. काळे यांनी ते तीस वर्षे आधी, सक्ती नसताना आणि फार मोठी किंमत देऊन केले होते. एका प्रकरणात नावावरचा हक्क मागणारी नर्तिका आहे, दुसऱ्यात नर्तिकेच्या नावाचा हक्क सांगणारा मुलगा आहे. दोन्ही ठिकाणी समाजाला अस्वस्थ करते ती गोष्ट एकच : पाहणाऱ्याशी असलेले नाते कागदावर येणे.

४

या रचनेचा इतिहास नवा नाही. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली; ती पुढे सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली आणि 'पुणे वैभव' या पत्राने एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न त्या चर्चेला पडला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली ती या निमित्ताने. म्हणजे आपल्याकडील स्त्रीवादी विचाराचा हा आरंभीचा ग्रंथ एका गाजलेल्या बातमीच्या समीक्षेतून जन्मला. पाचशे प्रती छापल्या गेल्या. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. मग तो विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंची पद्धत तिच्या शीर्षकातच आहे. त्यांनी स्त्रियांचे समर्थन करण्यापेक्षा तुलना केली. जे दुर्गुण स्त्रीवर लादले जातात ते एकेक घेऊन पुरुषावर लावून पाहिले. लोपलेल्याला वाक्यात परत आणणे, ही ती पद्धत.

तमाशाच्या बाबतीत हा लोप शासनानेही वापरला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९४७ च्या सुमारास मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहितांच्या तपासणीची अट घालून तो सुधारण्याचे धोरण स्वीकारले. सुधारायचा होता तो मंच. प्रेक्षागृह सुधारण्याचा विचार कोणी मांडला नाही. धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने या बंदीच्या कक्षेबाहेर होता. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा तो या सुधारणेच्या शासकीय परिभाषेचा वारसदार झाला. २००५ साली डान्सबारवर बंदी आली, तेव्हा तारांकित हॉटेले आणि क्लब यांना तीतून सूट होती. नृत्य तेच असले तरी पाहणाऱ्याचा वर्ग बदलला की नीती बदलत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी रद्द ठरवली ती मुख्यतः या भेदभावामुळे आणि उपजीविकेच्या हक्कामुळे. त्या निकालाकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहिल्यास असे दिसते की, न्यायालयाने प्रेक्षकाचे अस्तित्व नोंदवले. कायदा करणाऱ्यांनी ते सवलतीच्या कलमात दडवून ठेवले होते.

शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात लावणीकडे पाहताना दाखवून दिले की, पेशवाईत घडलेल्या या प्रकाराने कनिष्ठ जातींतील स्त्रियांची लैंगिकता उच्चजातीय पुरुषांच्या उपभोगासाठी रचली आणि नंतर त्या रचनेचाच दोष त्या स्त्रियांच्या स्वभावात शोधला. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ग्रंथात 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या तीन मराठी शब्दांभोवती दलित तमाशा कलावंत स्त्रियांचा इतिहास उभा केला. या दोन अभ्यासांनंतर 'अश्लील' हा शब्द निरागसपणे वापरता येत नाही. तो शब्द कृतीचे वर्णन करत नाही; तो जातीने पाहण्याच्या एका रीतीला नाव देतो आणि ते नाव दिसणारीच्या अंगावर लावतो. विठाबाई नारायणगावकर यांची प्रयोग चालू असता प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर उभे राहिल्याची जी कथा सांगितली जाते, तीही याच चौकटीत बसते. ती कलानिष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते; नऊ महिने भरलेल्या स्त्रीला नाचायला लावणारी तिकिटबारी आणि फडावरचे कर्ज त्या गौरवात दिसत नाही. निंदेप्रमाणे स्तुतीतही पाहणारा लोपू शकतो.

५

येथे लॉरा मल्वी यांच्या १९७५ च्या प्रसिद्ध निबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सिनेमागृहाच्या काळोखात बसलेला प्रेक्षक स्वतः न दिसता पाहतो, हे त्यांनी मांडले. परंतु ते सूत्र फडाला जसेच्या तसे लागू पडत नाही. 'तमाशा' हा शब्द मूळ अरबी, फारसीमार्गे मराठीत आला. देखावा, पाहण्याची मौज हा त्याचा अर्थ. पण फडात आणि विशेषतः बैठकीच्या लावणीत पाहणारा काळोखात नसतो. कलावतीण त्याच्या डोळ्यांत पाहते, त्याला नावाने हाक मारते, अदेतून त्याची थट्टा करते, बतावणीत गावच्या प्रतिष्ठितांची फिरकी घेते. प्रेक्षकाला तेथे दिसावे लागते आणि ऐकून घ्यावे लागते. या देवाणघेवाणीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दौलतजादेच्या नोटा त्या नजरेची किंमत ठरवत होत्या, आणि 'चिरा उतरण्या'सारख्या प्रथा त्या अर्थव्यवस्थेतच होत्या. तरीही दर्शनात आणि तमाशात, म्हणजे तुळजापूरच्या गाभाऱ्यासमोर आणि लावणीच्या बैठकीत, एक साम्य होते : समोरची पाहू शकत होती.

हाताच्या पडद्याने ही प्रतिनजर काढून घेतली. तीस सेकंदांच्या चित्रफितीत नर्तिका ज्याच्याकडे पाहून हसली तो चौकटीबाहेर राहतो. त्यामुळे जी अदा एका विशिष्ट पुरुषाला दिलेले उत्तर होती, ती तिच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचली जाते. प्रश्न कापून टाकून केवळ उत्तर छापावे, तसे हे आहे. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गालगत धाराशिव जिल्ह्यात अनेक कलाकेंद्रे आहेत. येरमाळा आणि चोराखळी ही नावे त्यांच्यामुळे बाहेरच्यांनाही ठाऊक असतात. २०२५ साली एका मृत्यूच्या निमित्ताने ही कलाकेंद्रे बातम्यांत आली. त्या प्रकरणाच्या खऱ्याखोट्यात शिरणे येथे गैर ठरेल. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. येथे नोंदवायचे ते एवढेच की, तिच्या नृत्याच्या चित्रफिती साक्षीपुराव्यासारख्या फिरवल्या गेल्या. बैठकीत बसून त्या नृत्यासाठी पैसे मोजणाऱ्यांची एकही चित्रफीत फिरली नाही. महामार्गावरून तेथे वळणाऱ्या गाड्या कोणाच्या असतात, हा प्रश्न त्या चर्चेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. असलाच तर कलाकेंद्रे बंद करावीत की कसे, हा प्रश्न होता.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गौतमीवर टीका करणाऱ्यांत केवळ पुरुष नव्हते. परंपरेतील ज्येष्ठ लावणी कलावंत स्त्रियाही होत्या. हा आक्षेप वजनदार आहे. ज्यांनी गाणे, अदा, ढोलकीशी सवालजवाब हे वर्षानुवर्षे कमावले, त्यांच्या सुपाऱ्या ध्वनिमुद्रित गाण्यांवरच्या कार्यक्रमांकडे वळत असतील, तर त्यांची तक्रार उपजीविकेची आहे आणि कलेच्या दर्जाचीही. स्त्रीवादाने तिला सनातनी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. पण ही तक्रार सार्वजनिक चर्चेत येताच तिचे भाषांतर 'अस्सल लावणी' विरुद्ध 'अश्लील नाच' असे केले गेले. म्हणजे पोटाचा प्रश्न शीलाच्या प्रश्नात बदलला, आणि दोन कष्टकरी स्त्रियांना एकमेकींसमोर उभे करून सुपारी देणारा आयोजक मोकळा राहिला. ज्या कलावतींना पिढ्यान् पिढ्या अश्लील म्हटले गेले, त्यांच्याच तोंडी तो शब्द दुसरीसाठी घालण्यात आला, ही या वादाची सर्वात खिन्न करणारी बाजू आहे.

दुसरा आक्षेप उदारमतवादी गोटातून येईल : तिचे शरीर, तिची निवड, एवढे म्हटले की पुरे, इतके व्याकरण कशाला? परंतु 'निवड' हा शब्दही चर्चेत एकट्या स्त्रीलाच ठेवतो. तिने निवडले की तिला भाग पाडले, याचा खल करताना पाहणाऱ्याच्या निवडीबद्दल आपण पुन्हा बोलत नाही. डान्सबारच्या बंदीवेळी स्त्रीवाद्यांत मतभेद झाले. काहींनी उपजीविकेच्या हक्कावर भर दिला, तर दलित-बहुजन स्त्रीवादी भूमिकेतून काहींनी विचारले की, जातीने लादलेल्या कामाला निवड कसे म्हणावे. हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांतला पेच सुटत नाही तो, दोन्ही पक्ष नर्तिकेलाच उत्तर मागत राहतात म्हणून. कलाकेंद्रातली स्त्री उद्या दुसरे काम करू शकेल का, तिच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारले जाईल का, चोरून चित्रण करणाऱ्याला शिक्षा होईल का, हे प्रश्न तिच्या निवडीचे नसून इतरांच्या जबाबदारीचे आहेत.

मग समीक्षेने काय करावे? ताराबाईंनी दाखवलेली तुलनेची रीत आजही पुरेशी उपयोगी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रत्येक गाजलेल्या वादात विशेषण दिसले की त्याचे कर्म विचारावे. 'झाले' दिसले की 'कोणी केले' हे विचारावे. षष्ठी दिसली की मालकी तपासावी. ही शाळेतल्या व्याकरणाची कामे आहेत, पण ती न केल्याने काय होते ते फलकाच्या त्या एका वाक्यात दिसले. या पद्धतीला मर्यादा आहेत. वाक्य दुरुस्त केल्याने चोराखळीतल्या कोणाचे भाडे भरले जात नाही, आणि कर्ता सापडला म्हणून तो लाजतोच असे नाही. शिवाय हा लेखही शेवटी पाहण्याचाच एक प्रकार आहे. एका तरुण स्त्रीच्या नावावर, कपड्यांवर, नाचावर झालेल्या चर्चेची पुन्हा चर्चा त्यात आहे. म्हणूनच कलाकेंद्रातील त्या तरुणीविषयी येथे अधिक काही लिहिलेले नाही. जी स्वतः बोलायला समोर नाही, तिच्याविषयी कोठे थांबायचे हे ठरवणे, ही पाहणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, आणि तिच्यातून समीक्षकालाही सूट नाही.